ग्राहकाशीच बोलावं लागेल

...आणि वर मला म्हणते काय, तर "मॅडम, मशीन ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन द्या, आम्हाला ग्राहकाशीच बोलावं लागेल." आता तुम्हीच सांगा, मशीन कशाचं? कानाचं! कोणाचं? माझ्या सासूबाईंचं! मी म्हटलं, अगं बाई, त्यांना फोनवर ऐकू येत असतं तर मी तुला फोन कशाला केला असता, मला काय दुसरा कामधंदा नाही? तर ती आपली साखर घोळलेल्या आवाजात, "मी तुमची अडचण समजू शकते मॅडम, पण नियम आहे." समजू शकते म्हणे! सासूबाईंना ऐकू येत नाही म्हणून समजत नाही, हिला सगळं ऐकू येतं आणि तरी समजत नाही, आणि मधल्या मध्ये मी कानाला फोन लावून उभी, तिकडे गॅसवर दूध उतू गेलं ते गेलंच.

बसा हो, टेका जरा. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, ही बाई उगाच कोणाच्या तरी नावाने बोटं मोडतेय.

तर आमचे हे दुरुस्तीवाले. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, गिझर, काय वाट्टेल ते. सासऱ्यांचं दुकान, ते ह्यांच्याकडे आलं. दुकानावर पाटी काय आहे माहितीये? "का बंद पडलं ते सांगू." बस, एवढंच. दुरुस्त करून देऊ, स्वस्तात देऊ, तासाभरात देऊ, काही नाही. का बंद पडलं ते सांगू! मी कितीदा म्हटलं, अहो, पाटीवर जरा दुरुस्तीचं काहीतरी लिहा. तर म्हणतात, का बंद पडलं ते कळलं की दुरुस्ती झालीच गं, उरतो तो हमालीचा भाग.

आणि तुम्हाला सांगते, ह्या माणसाला झाकलेली वस्तू बघवत नाही. लग्नात मी माहेरून रेडिओ आणला होता, नवा कोरा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर माझ्या रेडिओची आतडी! बिघडला होता? छे! "आत कसा आहे ते बघत होतो." फ्रिज आला, उघडला. वॉशिंग मशीन आलं, ते आणून ठेवणारा माणूस जिन्यात होता अजून, ह्यांनी मागचं झाकण काढलं. आमच्या घरात वॉरंटी म्हणजे वर्षाची कधी नव्हतीच, फार तर आठवड्याची. बरं, पुन्हा जोडून देतात हो. पहिल्यापेक्षा चांगलं जोडतात. पण कंपनीला ते कोण सांगणार?

आणि सासूबाई काय कमी? सासऱ्यांच्या वेळेपासून दुकानात स्टुलावर बसायच्या, आणि त्यांचं काम एकच. ऐकणं. मिक्सर लावला की मान वाकडी करून दोन मिनिटं ऐकायच्या आणि सांगायच्या, "बेअरिंग." नाहीतर "कार्बन झिजलेत." नाहीतर "काही नाही झालं याला, ह्यांना वापरता येत नाही." हे तर गिऱ्हाईकाच्या तोंडावर! कधी चुकल्या नाहीत. कुठलीही वस्तू दुरुस्त झाली की हे आधी त्यांच्यापुढे चालवायचे, "आई, ऐक गं." आईने मान हलवली की मगच वस्तू बाहेर. मग पाचसहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले, हळूहळू गेले, आणि एक दिवस एक पंखा चांगला आहे म्हणाल्या आणि तो दुसऱ्या दिवशी परत आला. त्या दिवसापासून बाई दुकानात यायची बंद झाली. कोणी काही बोललं नव्हतं हो. आपणहून.

तर माझ्या धाकट्या नणंदेने हे कानाचं मशीन घेऊन दिलं. दोन कानांची दोन, वालाच्या दाण्याएवढी, आणि ती चार्ज करायला एक डबी, डबीवर हिरवा दिवा. डबीच्या पोटाला चंदेरी सील, नखाएवढं. नणंदेने ह्यांच्यासमोर ते सील बोटाने दाखवलं आणि म्हणाली, "दादा, शब्द दे. ह्या सीलला हात लावायचा नाही. हे फाटलं की वॉरंटी गेली, आणि पुन्हा घेण्याची माझी ताकद नाही." ह्यांनी शब्द दिला. मला वाटलं, पंधरा दिवस. पण नाही! आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाने वस्तू उघडली नाही. कधी कधी डबी हातात घेऊन नुसते उलटीसुलटी करायचे आणि उसासा टाकून ठेवून द्यायचे.

नऊ महिने, तुम्हाला सांगते, सोन्यासारखे गेले. सासूबाई पुन्हा स्टुलावर. "बेअरिंग." "कार्बन." माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मला हॉलमधून सांगायच्या, एक जास्त झाली. वैताग यायचा हो, खोटं कशाला बोलू? आणि दहाव्या महिन्यात एका सकाळी डबीचा हिरवा दिवा लागलाच नाही.

ह्यांनी डबी कानाशी धरली. नखाने तीनदा टिचक्या मारल्या, टक, टक, टक. म्हणाले, "आत एका जागी सोल्डर सुटलंय. चार मिनिटांचं काम आहे." आणि हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला. आणि मी, मीच हो, मीच शहाणी, म्हटलं, खबरदार! शब्द दिलाय. वॉरंटी आहे तीन महिने अजून. कंपनी कशाला आहे मग? सीलला हात लावायचा नाही!

तर कंपनीला फोन. तो मी सांगितलाच, ग्राहकाशीच बोलावं लागेल. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी, तिसऱ्या दिवशी तिसरी, आवाज वेगळा पण साखर तीच, मी सगळ्यांचं मिळून एकच नाव ठेवलं, साखरबाई. मी म्हटलं, सुनेशी बोला. नाही. मुलाशी बोला. नाही. लिहून देते, सही घेऊन पाठवते. आधी ग्राहकाने फोनवर ओळख पटवली की मगच अर्ज. म्हणजे बहिऱ्या बाईने आधी ऐकून दाखवायचं आणि मग ऐकू येत नाही अशी तक्रार करायची. आता बोला!

पण आमचे हे म्हणजे डोकं. म्हणाले, प्रश्न चारच आहेत. नाव, जन्मतारीख, तुम्हीच ग्राहक आहात का, आणि बिघाड काय. चार पुठ्ठे कापले, त्यावर मोठ्या अक्षरात उत्तरं लिहिली. पहिल्यावर नाव, दुसऱ्यावर जन्मतारीख, तिसऱ्यावर "होय", चौथ्यावर "डबी चार्ज होत नाही". फोन स्पीकरवर ठेवायचा, प्रश्न आपण ऐकायचा, आई समोर पुठ्ठा बघून बोलेल. दोन दिवस तालीम चालली. मी साखरबाई, हे पुठ्ठेवाले, आणि सासूबाई मुख्य भूमिकेत. खांद्याला हात लावला की बोलायला सुरुवात. मला खिजवायला त्या मध्येच "होय" म्हणून हसायच्या. इतक्या दिवसांत तेवढंच हसल्या.

आणि फोन लागला. साखरबाईने प्रश्न उलटसुलट विचारले, पण ह्यांचे हात काय चालले हो, पत्ते पिसावेत तसे. जन्मतारीख, बरोबर. होय, बरोबर. नाव, बरोबर. शेवटी डबी चार्ज होत नाही, ठणठणीत आवाजात. एक चूक नाही. साखरबाई खूश, "खूप छान बोललात आजी, आपला दिवस चांगला जावो." फोन ठेवला आणि आम्ही तिघं असे नाचलो, जणू पहिला नंबर आला.

संध्याकाळी मेसेज आला. "ग्राहकाशी फोनवर सविस्तर बोलणे झाले. ग्राहकाला व्यवस्थित ऐकू येत असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे."

नाही, हसा तुम्ही. हसा. तेव्हा आम्हालाही आधी हसूच आलं. मग ह्यांनी ते चार पुठ्ठे गोळा केले, रबरबँड लावला आणि ड्रॉवरमध्ये ठेवले.

मग सर्व्हिस सेंटर. काचेचं दार, थंडगार, टोकन नंबर. काचेमागे एक पोरगेला साहेब, गळ्यात पट्टा, त्याने डबी बघितलीही नाही, आधी सील बघितलं. भिंगातून! "सील ठीक आहे," म्हणाला. मी ह्यांच्याकडे असं बघितलं, बघा, बघा, माझंच खरं ना? सगळं ठेवून घेतलं, कारखान्यात पाठवावं लागेल म्हणाला. हे काउंटरवर वाकून त्याला सांगतायत, अहो, मशीनं चांगली आहेत, फक्त डबीत एका जागी सोल्डर सुटलंय, टिचकी मारली की आवाज येतो, ऐका. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे त्यासाठी तज्ज्ञ आहेत." चाळीस वर्षं ज्याने अर्ध्या गावाची घरं चालती ठेवली, त्याला! ह्यांनी पावती घडी करून खिशात घातली. मी असते तर... पण मीही गप्पच बसले होते की. बत्तीस दिवसांनी पार्सल आलं. चिठ्ठी, "दोष आढळला नाही." कसा आढळेल? त्या तज्ज्ञांनी आमची मशीनं काढली, त्यांच्या डबीत चार्ज केली, वाजवून बघितली, वाजली, आणि आमच्या मेलेल्या डबीत घालून परत पाठवली!

मी पुन्हा फोन केला. "ग्राहकाशीच बोलावं लागेल." पुन्हा तक्रार, पुन्हा बंद. वरच्या साहेबांकडे अर्ज केला, त्यांचं उत्तर आलं की अर्ज पोहोचला. नुसतं पोहोचला!

आणि इकडे घरात काय चाललं होतं ते सांगते. सासूबाईंनी बोलणं सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही. आपल्याला ऐकू येत नाही तर दुसऱ्याला कशाला त्रास, असं. आम्ही ओरडून बोलायचो, मग त्या ओशाळायच्या, मग आम्ही बोलायचंच टाळायचो. हो, मीसुद्धा. कुकरच्या शिट्ट्या माझ्या मलाच मोजाव्या लागायला लागल्या आणि तुम्हाला सांगते, मला रडू यायचं. हे डबी शर्टाच्या वरच्या खिशात घेऊन फिरायचे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काढायची, कानाशी धरायची, टक, टक, टक. "तिथेच आहे. तिथेच सुटलंय." शेजारचा शिंपी चेष्टा करायचा, काय हो, दिव्याखाली अंधार? दुनियेच्या वस्तू बऱ्या करता आणि आईची डबी? हे कसनुसं हसायचे. एकदा मला म्हणाले, "चार मिनिटं गं. माझ्या आईला मी चार मिनिटांसाठी बहिरी ठेवलीय." आणि मी काय म्हटलं? सीलला हात लावायचा नाही. अजून एकोणीस दिवस आहेत.

मग एका सकाळी मेसेज आला, आपली वॉरंटी आज संपली, आमच्या परिवाराचा भाग राहिल्याबद्दल आभार. मी कपाळाला हात लावला. आणि हे? हे हसले! तीन महिन्यांनी मोकळं हसले. आईला हाताला धरून दुकानात घेऊन गेले, स्टुलावर बसवलं, आणि ते सील नखाने असं सोलून काढलं, जणू जखमेवरची खपली. मी घड्याळ लावून उभी. चार मिनिटं म्हणाले होते ना? साडेतीनच लागली. हिरवा दिवा! तासाभराने मशीनं आईच्या कानात घातली, एक मिक्सर पुढे ओढला, चालू केला, आणि सवयीने ओरडले, "आई, ऐक गं!" सासूबाई दचकल्या. म्हणाल्या, "हळू बोल की. ओरडतोस कशाला?" मग मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाल्या, "बेअरिंग." आमचे हे तोंड फिरवून टेबलावरचे स्क्रू गोळा करत राहिले. बराच वेळ एकच स्क्रू गोळा करत होते.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला पेढे... जाऊ द्या. इथे संपलं नाही.

आठवड्याने भर दुपारी दारात एक माणूस. टोपी, बॅग, हातात नवं कोरं खोकं. वरच्या साहेबांकडे गेलेला अर्ज मंजूर झाला होता! तक्रार वॉरंटीच्या आतली, म्हणून जुनं घेऊन नवं द्यायचं, वर नवी एक वर्षाची वॉरंटी. हे दुकानात. सासूबाई जेवून पडलेल्या, मशीनं डबीत चार्ज होत होती. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? माझ्या मनात आलं, दुरुस्त केलेलं किती दिवस टिकेल कोणास ठाऊक, नवं ते नवं, आणि वर्षभर हमी! मोह हो, दुसरं काय? तरी माझा जीव त्या सीलमध्ये अडकलेला. म्हटलं, हे बघा, खोटं नको, ह्याचं सील आम्ही तोडलंय. तर तो म्हणतो, "सील? ते कोण बघतंय? जुना माल आम्ही चुराच करतो. एक डबी, दोन मशीनं, इथे ग्राहकाची सही." तीन महिने! तीन महिने ज्या सीलपायी माणूस आतल्या आत जळला, ते कोणी बघतच नव्हतं! सही ग्राहकाचीच हवी, मग सासूबाईंना उठवलं. त्यांना काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली, माझ्याकडे बघून. सुनेवर विश्वास ठेवून.

संध्याकाळी ह्यांना हौसेने नवं खोकं दाखवलं. ह्यांनी खोक्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाले, "चालू असलेलं दिलंस?"

नवव्या दिवशी हिरवा दिवा गेला.

ह्या वेळी मी वाट बघितली नाही. नवं सील, नवी वॉरंटी, गेली खड्ड्यात, मी स्वतःच्या हाताने स्क्रूड्रायव्हर आणून दिला आणि म्हटलं, तोडा ते सील. आत्ताच्या आत्ता तोडा. ह्यांनी डबी कानाशी धरली. टक, टक, टक. पुन्हा टक, टक, टक. मान हलवली. सील सोललं, झाकण उघडलं, आणि आत... काही नाही हो. म्हणजे आहे, पण काळं काहीतरी ओतून भरलेलं, डांबरासारखं, वाळून दगड झालेलं. तार दिसत नाही, सोल्डर दिसत नाही. कोणी उघडून दुरुस्त करू नये म्हणून सुधारणा केलीय म्हणे नव्या मालात. हे अर्धा दिवस ते टोकरत बसले, सुईने, दाभणाने. मग हात पुसले आणि म्हणाले, "आतून आवाजच येत नाही गं. का बंद पडलं ते सांगता येत नाही." पाटीखाली बसून, तुम्हाला सांगते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. मला वाटलं होतं, चिडतील, मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता सील तुटलेलं, म्हणजे वॉरंटी गेली. जुनं गेलं, ते चुऱ्यात. नणंदेला अजून सांगितलेलं नाही. ती फोनवर विचारते, दादाने सीलला हात लावला नाही ना? मी म्हणते, छे गं.

आणि काल फोन आला. साखरबाई! म्हणाली, नवीन मशीनबद्दल आपण समाधानी आहात का ते विचारायचं होतं. मी तोंड उघडलं, दोन पिढ्यांचं उट्टं काढणार होते, तर म्हणते, "माफ करा मॅडम, आम्हाला ग्राहकाशीच बोलावं लागेल." ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, पुठ्ठ्यांकडे बघितलं, आणि ड्रॉवर बंद केला. मग मी फोन स्पीकरवर टाकला, सासूबाईंसमोर धरला आणि सवयीने खांद्याला हात लागला. झालं! बाई ताठ बसल्या, केस सारखे केले आणि तालमीत पाठ झालेलं सुरू. नाव सांगितलं. साखरबाईने विचारलं, पाचपैकी किती गुण द्याल? तर सासूबाईंनी जन्मतारीख सुरू केली, पाच तारीख... "पाच! खूप खूप आभार आजी! तर आपण पूर्ण समाधानी आहात?" "होय," सासूबाई म्हणाल्या, ठणठणीत.

मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला होता. पण ती मुलगी बोलतच राहिली, आजी, तब्येतीची काळजी घ्या, काही लागलं तर आम्हाला हक्काने सांगा, आम्ही सदैव आपल्यासोबत आहोत... आणि मी हात मागे घेतला. म्हटलं, बोलू दे. महिना झाला, घरात त्या म्हातारीशी कोणी इतकं गोड, इतका वेळ बोललं नव्हतं. तिला ऐकू येत नव्हतं, एवढंच.